मंगळावरच्या रोव्हरची रोजची वाटचाल वहीत अचूक कशी उतरवायची

पावसाळ्याचे चार महिने मुंबईच्या आकाशात तारा दिसत नाही. आमच्या आकाशनिरीक्षणाच्या गटातली मंडळी मग घरबसल्या मंगळावरच्या रोव्हरचा, म्हणजे तिथे चाकांवर फिरणाऱ्या यंत्राचा, माग काढायला बसतात. वही आणली जाते, रेघा आखल्या जातात, आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वह्या बिघडतात. रोव्हर एका दिवसात तीनदा जागा बदलतो, मग आठवडाभर ढिम्म हलत नाही, मधेच उलटा फिरतो. हे सगळं वहीत होत असतं, मंगळावर यातलं काही घडलेलं नसतं. चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून ही पद्धत क्रमाने लिहून काढली आहे. क्रम मोडू नका. पायरी ३ आधी आणि पायरी २ नंतर केली की सगळं पुन्हा करावं लागतं.

## तयारी

एक जाड दोनशेपानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि पेन. पेन्सिल-पेन दोन्ही का, ते पुढे कळेल. तूर्तास एवढंच लक्षात ठेवा की पहिली नोंद कधीच पेनने करायची नाही.

काम कॉम्प्युटरवर करा. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर फोटो चाळता येतात, पण फाइलचं पूर्ण नाव दिसत नाही, आणि सगळी मेख त्या नावातच आहे. नासाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी शोधून खूण करून ठेवा : रोव्हरच्या कच्च्या (म्हणजे आले तसे, न सुधारता ठेवलेल्या) फोटोंचं पान आणि रोव्हर आत्ता कुठे आहे ते दाखवणारा नकाशा. दोन्ही फुकट आहेत, नाव नोंदवावं लागत नाही.

वहीत सात रकाने आखा : सोल (मंगळाचा दिवस), भारतात तो सोल कधी सुरू झाला, साइट, ड्राइव्ह (हे दोन काय ते पायरी ३ मध्ये), पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ, हलला की नाही, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

आणि रोव्हर एकच निवडा. पर्सिव्हिअरन्स जेझेरो विवरात आहे, क्युरिऑसिटी गेल विवरात. दोन्ही एकदम लिहायला घेतलेली वही मी अजून कुणाची पूर्ण झालेली पाहिली नाही. नवख्याने पर्सिव्हिअरन्स घ्यावा, कारण त्याच्या फाइलच्या नावात सोल सरळ लिहिलेला असतो. खालचं सगळं त्यालाच धरून आहे, क्युरिऑसिटीचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथेच.

## पायरी १ : सोल आधी, तारीख नंतर

मंगळाचा एक दिवस म्हणजे सोल. तो २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो, म्हणजे आपल्या दिवसाच्या १.०२७५ पट. रोव्हर या सोलवर जगतो, आपल्या तारखेशी त्याला देणंघेणं नाही. वहीची एक ओळ म्हणजे एक सोल. एका तारखेला एक ओळ दिली की महिन्याभरात एक सोल कमी पडतो, आणि तो नेमका कुठे हरवला ते मग सापडत नाही.

मोजणीची सुरुवात इथेच बहुतेक जण चुकतात. पर्सिव्हिअरन्स उतरल्याची खबर आपल्याकडे आली ती १९ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे २ वाजून २५ मिनिटांनी. जागून पाहिलेल्यांच्या डोक्यात १९ तारीख पक्की बसली आहे. पण उतरताना जेझेरोत दुपारचे पावणेचार वाजून गेले होते, म्हणजे तो सोल कितीतरी आधी सुरू झाला होता. तो सोल ०. भारतीय वेळेनुसार त्याची मध्यरात्र १८ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमारास झाली. मोजणी तिथून करायची.

एक उदाहरण करून पाहू. १९ जून २०२५ ला पर्सिव्हिअरन्सने एका प्रवासात ४११ मीटर अंतर कापलं, तोवरचा त्याचा विक्रम. १८ फेब्रुवारी २०२१ पासून १९ जून २०२५ पर्यंत होतात १५८२ दिवस. सोल १५४० ला १.०२७५ ने गुणा : १५८२ दिवस आणि वर साधारण आठ तास. सकाळचे दहा अधिक आठ तास म्हणजे संध्याकाळचे सहा. तर त्या दिवशी भारतात संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत सोल १५३९ चालू होता आणि त्यानंतर १५४०. जेझेरोत सोल १५४० ची दुपार झाली तेव्हा मुंबईत २० जूनची सकाळ उजाडली होती. नासाच्या बातमीत १९ तारीख आणि तुमच्या हिशोबात २०, यात कुणीच चुकलेलं नाही. अमेरिकेत तेव्हा १९ च होती.

दुसऱ्या रकान्यात म्हणून नुसती तारीख लिहू नका, वेळही लिहा : «१९ जून, सं. ६.१०». पुढच्या ओळीत «२० जून, सं. ६.५०». रोज चाळीस मिनिटं पुढे.

तपासा : ३७ सोल म्हणजे ३८ दिवस आणि वर पंचवीसेक मिनिटं. वहीत ३७ ओळी खाली या. तारीख ३८ दिवसांनी पुढे आणि वेळ जवळपास तीच असायला हवी. नसेल तर मधे कुठेतरी एक ओळ खाल्ली आहे किंवा जास्तीची आली आहे. आणखी एक पडताळा : सोल १००० भारतात १२ डिसेंबर २०२३ ला रात्री दहाच्या सुमारास सुरू झाला. तुमचं गणित याच्या अर्ध्या तासात येत असेल तर पुढे चला.

क्युरिऑसिटी धरलात तर त्याचा सोल ० हा ६ ऑगस्ट २०१२ ला उतरला तो. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुन्या जोडीची मोजणी मात्र सोल १ पासून होती. जुने फोटो चाळताना घोटाळा होतो तो यामुळे.

## पायरी २ : फोटो सोलप्रमाणे मागवा

कच्च्या फोटोंच्या पानावर गेल्यावर समोर दिसतात ते नुकतेच *आलेले* फोटो. नुकतेच *काढलेले* नव्हेत. या एका गोष्टीपायी जितक्या वह्या बिघडल्या तितक्या दुसऱ्या कशानेच नाहीत.

रोव्हर फोटो काढून स्वतःत साठवतो. मंगळाभोवती फिरणारं एखादं यान डोक्यावरून गेलं की त्याच्याकडे पाठवतो, ते यान पृथ्वीकडे पाठवतं. प्रकाशाला यायला ३ ते २२ मिनिटं लागतात, पण तो उशीर किरकोळ आहे. खरा उशीर रांगेचा. पुढच्या कामाचं नियोजन करायला लागणारे फोटो आधी येतात, बाकीचे जागा होईल तसे. आधी टपालाच्या तिकिटाएवढी छोटी आवृत्ती येते, मोठा फोटो काही दिवसांनीही येऊ शकतो. म्हणजे आज सकाळी दिसलेल्या वीस फोटोंत चार वेगवेगळे सोल सहज असतात.

म्हणून पानावरच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) सोलचा आकडा भरा आणि त्या एका सोलचेच फोटो मागवा. कॅमेऱ्यांत आधी नॅव्हकॅम (रोव्हरच्या डोक्यावरचा, वाट पाहणारा) निवडा, मग पुढचा आणि मागचा हॅझकॅम (खाली बसवलेले, चाकांजवळचे अडथळे पाहणारे). मास्टकॅम-झेड या डोक्यावरच्या रंगीत कॅमेऱ्याचे फोटो देखणे असतात, पण माग काढायला त्यांचा उपयोग कमी. ते शेवटी, हौस म्हणून.

सावधान : एखाद्या सोलचे फोटो नाहीत म्हणजे रोव्हरने त्या सोलला काहीच केलं नाही, असं नाही. अजून आले नसतील. ओळ रिकामी ठेवा, शेऱ्यात पेन्सिलीने «वाट पाहणे» लिहा, पुढे सरका.

## पायरी ३ : फाइलचं नाव वाचा

फोटो उघडून डोंगर बघत बसू नका. आधी नाव.

पहिली दोन अक्षरं कॅमेरा सांगतात : एन-एल म्हणजे नॅव्हकॅमचा डावा डोळा, एन-आर उजवा. एफ ने सुरू होणारा पुढचा हॅझकॅम, आर ने सुरू होणारा मागचा, झेड म्हणजे मास्टकॅम-झेड. पुढे खालच्या रेघेनंतर चार आकडी सोल. हा तुम्ही मागवलेल्या सोलशी जुळतो ना, पाहा. त्यानंतर दहा आकडी संख्या येते, ते रोव्हरचं घड्याळ, सेकंदांत. फोटो याच आकड्याने लावा, पानावर दिसतात त्या क्रमाने नको.

आता कामाची जागा. नावाच्या मध्याच्या आसपास एन (छोट्या आवृत्तीत टी) हे अक्षर आणि त्याला चिकटून सात आकडे असतात. पहिले तीन साइट, पुढचे चार ड्राइव्ह. ००१००५२ असेल तर साइट १, ड्राइव्ह ५२. हे दोन आकडे रकान्यात उतरवा.

साइट म्हणजे नियोजन करणाऱ्यांनी वेळोवेळी ठरवलेला नवा आरंभबिंदू. साइट बदलली की ड्राइव्हचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ड्राइव्ह म्हणजे चाकांच्या हालचालींची मोजणी. ५२ म्हणजे ५२ मीटर नव्हे आणि बावन्नावी फेरीही नव्हे. एकाच दिवसाच्या प्रवासात हा आकडा शेकड्याने वाढू शकतो, आणि रोव्हर जागच्या जागी वळला तरीही वाढतो.

इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या वहीत एका सोलला सोळा थांबे आहेत. मोठ्या अभिमानाने मी ते पान इमारतीतल्या मुलांना दाखवलं होतं. एक मुलगी म्हणाली, «काका, सगळीकडे तोच दगड अर्धा अर्धा दिसतोय.» खरंच होतं ते. नॅव्हकॅमचा पूर्ण फोटो ५१२० बाय ३८४० बिंदूंचा. तो पूर्ण बारकाव्यासह हवा असला की १२८० बाय ९६० च्या तुकड्यांत येतो, सोळा तुकडे. मी एका फोटोचे सोळा थांबे केले होते.

तपासा : दोन फाइलींमध्ये दहा आकडी घड्याळ तंतोतंत सारखं असेल तर ते एकाच फोटोचे तुकडे. वहीत एकच नोंद.

## पायरी ४ : हलला की नाही

निकष साधा आहे. कालच्या सोलच्या शेवटच्या फोटोतली साइट-ड्राइव्हची जोडी आणि आजच्या शेवटच्या फोटोतली जोडी. सारखी असेल तर रोव्हर हललेला नाही, मग फोटोतलं दृश्य कितीही वेगळं वाटो. डोक्यावरचा कॅमेरा फिरला असेल, हात पुढे आला असेल. चाकं तिथेच आहेत.

जोडी बदलली असेल तर हालचाल झाली. पण जागा बदलली की नुसतं तोंड फिरवलं? मागच्या हॅझकॅमचा फोटो उघडा. सरळ लांब चाकोऱ्या दिसल्या तर प्रवास. चाकाभोवती मातीत फक्त कमानी उमटल्या असतील तर जागेवरची गिरकी, शेऱ्यात «वळला» एवढंच लिहा.

चाकोऱ्या नीट पाहायची सवय लावून घ्या. क्युरिऑसिटीच्या चाकांना आरपार भोकं आहेत आणि त्यांचा ठसा मातीत टिंब-रेघांत उमटतो : टिंब, तीन रेघा, टिंब, दोन रेघा, टिंब, टिंब, रेघ, दोन टिंबं. मोर्स लिपीतली जे, पी, एल ही अक्षरं, रोव्हर बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेच्या नावाची. गंमत म्हणून ठीक, पण त्याचा उपयोगही आहे. दर फेऱ्याला तोच ठसा त्याच अंतराने यायला हवा. अंतर आखडलं तर चाक घसरलंय. पर्सिव्हिअरन्सच्या चाकांवर ही लिपी नाही, तिथे ४८ बारीक वक्र कंगोरे आहेत.

सावधान : चाकोऱ्या मागच्या हॅझकॅममध्ये दिसल्या तर रोव्हर पुढे गेला. पुढच्या हॅझकॅममध्ये दिसल्या तर तो मागे मागे गेला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण क्युरिऑसिटी चाकांची झीज कमी व्हावी म्हणून कित्येकदा उलटा चालवला गेला आहे. «पुढचा कॅमेरा दाखवतो ती प्रवासाची दिशा» हे गृहीत धरलंत तर बाण नेमका उलटा निघेल.

## पायरी ५ : सावलीवरून दिशा

फोटोखालच्या मजकुरात मंगळाची स्थानिक वेळ दिलेली असते. नॅव्हकॅमच्या बऱ्याच फोटोंत रोव्हरची स्वतःची सावली पडलेली सापडते. मंगळही पृथ्वीसारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, त्यामुळे सकाळची सावली पश्चिमेला, संध्याकाळची पूर्वेला. नऊ किंवा चार वाजताचा फोटो घ्या, दिशा पटकन लागते.

दुपारी बाराचा फोटो टाळा. कारण मुंबईकराला लगेच पटेल. जेझेरो मंगळाच्या १८.४ उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई पृथ्वीच्या १९ वर. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, आणि त्या दोहोंच्या मधे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मंगळाचा अक्ष २५ अंशांनी कललेला, म्हणजे जेझेरोतही तेच होतं. तिथल्या उन्हाळ्यात दुपारची सावली आखूड होऊन दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. «दुपारची सावली म्हणजे उत्तर» असं पाठ केलेल्यांच्या वहीत काही महिने रोव्हर उलट्या दिशेला निघालेला असतो.

फोटोच्या रंगावरून वेळ किंवा हवा ओळखायला जाऊ नका. कच्च्या फोटोंचे रंग सुधारलेले नसतात.

## पायरी ६ : नकाशावर टिंब

इतकं झाल्यावरच नकाशा उघडा. आधी उघडलात तर टिंब बघून फोटो वाचाल, आणि मग चूक कधीच सापडणार नाही.

नकाशावरचं टिंब «आत्ता रोव्हर इथे आहे» असं सांगत नाही. शेवटच्या प्रवासानंतर जागा पक्की करून नकाशात भरली, तिथे ते असतं. टिंबावर टिचकी मारून ते कुठल्या सोलचं आहे ते पाहा आणि वहीतल्या त्याच सोलशी जुळवा. आजच्या फोटोंशी नको. खालचं चित्र मंगळाभोवतीच्या यानाने पूर्वी कधीतरी काढलेलं असतं, त्यात ताज्या चाकोऱ्या शोधण्यात वेळ घालवू नका.

नकाशा मान्य करेल ती नोंद पेनने गिरवा. तोवर सगळं पेन्सिलीत.

## पायरी ७ : अंतर

दोन टिंबांमधली सरळ रेघ म्हणजे रोव्हर चालला तेवढं अंतर नव्हे. तो दगड चुकवत जातो. स्वतः वाट शोधत असेल तर आणखीच वाकडा. सरळ रेघेचं अंतर लिहायचं असेल तर शेजारी «सरळ» असं लिहा.

अंदाज यायला आपली मापं बरी पडतात. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. चांगल्या दिवशी रोव्हर पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत जातो, ४११ मीटरच्या विक्रमात पावणेदोन गाड्या झाल्या. क्युरिऑसिटीला ३५ किलोमीटर व्हायला तेरा वर्षं लागली. सीएसएमटी ते ठाणे ३४.

तपासा : पर्सिव्हिअरन्सचा सपाट जमिनीवरचा कमाल वेग सेकंदाला ४.२ सेंटिमीटर, म्हणजे तासाला दीडशे मीटरच्या आसपास. प्रवासाआधीच्या शेवटच्या आणि प्रवासानंतरच्या पहिल्या फोटोच्या घड्याळांची वजाबाकी करा, ३६०० ने भागा, तास मिळतील. दोन तासांत ५०० मीटर असं काही निघालं तर मधला एखादा सोल गिळला आहे. पायरी २ वर परत जा.

## पायरी ८ : रिकामे सोल

सलग तीन-चार सोल हालचाल नाही, की आमच्या गटात लगेच संदेश फिरतो : रोव्हर बंद पडला. शेऱ्यात असलं काही लिहिण्याआधी तीन गोष्टी पाहा.

शनिवार-रविवार आहे का? शुक्रवारी सहसा दोन-तीन सोलांची कामं एकदम पाठवली जातात. त्यात प्रवास बहुधा एकदाच असतो, बाकी वेळ मोजमापं.

दुसऱ्या रकान्यातली वेळ कुठे आली आहे? सोल रोज चाळीस मिनिटं सरकतो. त्यामुळे महिन्यातले काही दिवस असे येतात की रोव्हरचा संध्याकाळचा निरोप पृथ्वीवरच्या चमूला कामाची वेळ टळून गेल्यावर मिळतो. कुठे थांबलो ते कळल्याशिवाय पुढे हाकता येत नाही, म्हणून मग एक सोल सोडून प्रवास होतो. तुमच्या वहीत «हलला, नाही, हलला, नाही» अशी माळ दिसली तर ती बरोबर आहे, खोडू नका.

तिसरं, मंगळ सूर्याआड गेला आहे का? साधारण २६ महिन्यांनी असं होतं आणि जवळपास दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं, मग जानेवारी २०२६ मध्ये. त्या ओळींवर एक लांब कंस काढून «सूर्याआड» लिहा.

## आठवड्याची जुळणी

रविवारी सकाळी चहा घेऊन बसा आणि मागच्या दोन आठवड्यांच्या ओळी पुन्हा काढा. या आठवड्याच्या नकोत, त्यांचे फोटो अजून येतायत. «वाट पाहणे» लिहिलेल्या प्रत्येक सोलला पुन्हा फोटो मागवा, आलेले असतील तर साइट-ड्राइव्ह भरा, नकाशाशी जुळवा, गिरवा. महिन्याभरानंतरही पेन्सिलीतच राहिलेली ओळ तशीच राहू द्या. माझ्या वहीत अशा अकरा आहेत, त्यातल्या दोन गेल्या आठवड्यात पेनने झाल्या.